की-सिग्नेचर पाठ असूनही शार्प-फ्लॅट पुन्हा पुन्हा चुकतात तेव्हा

पियानो शिकणाऱ्यांची ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे, आणि त्याआधी कित्येक वर्षे स्वतः केली आहे. "एफ शार्प आहे हे मला ठाऊक असते, सुरुवातीला लक्षातही असते, पण तिसऱ्या ओळीपर्यंत पोहोचेतो बोट पांढऱ्या पट्टीवर पडलेले असते." अशा व्यक्तीला की-सिग्नेचर, म्हणजे ओळीच्या आरंभी छापलेली शार्प (स्वर अर्ध्याने चढवणारी) आणि फ्लॅट (अर्ध्याने उतरवणारी) चिन्हे, विचारली तर ती बिनचूक सांगते, शार्पचा क्रम घडाघडा म्हणून दाखवते, लेखी प्रश्नांत पैकीच्या पैकी गुण मिळवते; आणि तरीही तोच एफ त्याच ठिकाणी चुकतो. चूक दाखवली की ती तेवढ्यापुरती सुधारते आणि दोन दिवसांनी परत येते. त्यावर नेहमीचा सल्ला मिळतो तो "लक्ष द्या" असा, जो बरोबर असूनही निरुपयोगी आहे, कारण लक्ष न देणारा माणूस अशी तक्रार मुळात करतच नाही.

माझ्या मते हा विसराळूपणा नाही. शार्प किंवा फ्लॅट ज्या रूपात डोक्यात साठवला गेला आहे, ते रूपच चुकीचे असते. बहुतेक जण सी मेजरपासून, म्हणजे केवळ पांढऱ्या पट्ट्यांच्या स्केलपासून (स्वरमालिकेपासून), सुरुवात करतात आणि महिनोन्महिने तेथेच राहतात. मग जी मेजर येतो तेव्हा तो "सी मेजरसारखाच, फक्त एफ वगळता" असा शिकला जातो. एफ शार्प हा अपवाद म्हणून नोंदवला जातो, आणि अपवाद दर वेळी आठवावा लागतो. हात दोन, ओळी दोन, ताल पुढे धावतो आहे, अशा स्थितीत आठवायला उसंत नसते. मग बोट आपल्या सवयीच्या जागी, म्हणजे पांढऱ्या पट्टीवर, जाते. त्यामुळे आणखी पाठांतर करून हा दोष जात नाही. जी मेजर हे एफ शार्पसह स्वतंत्र, संपूर्ण घर आहे, असे डोळ्यांना, कानांना आणि हातांना पटवावे लागते. ते कसे करायचे हे सांगण्याआधी आपली चूक नेमकी कोणत्या जातीची आहे ते तपासणे आवश्यक आहे, कारण वरून सारख्या दिसणाऱ्या या चुकांची कारणे निरनिराळी असतात आणि एका कारणाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

आधी चूक पकडा

आपले वादन फोनवर ध्वनिमुद्रित करावे आणि नंतर पियानोपासून दूर बसून, हातात पेन्सिल आणि समोर स्वरलिपी घेऊन ऐकावे. जेथे जेथे शार्प किंवा फ्लॅट चुकला असेल तेथे बारीक खूण करावी. असे किमान तीन वेगवेगळ्या दिवशी करावे, कारण एका दिवसाच्या खुणा योगायोगाच्या असू शकतात. मी डी मेजरमधील सोळा बारांच्या (स्वरलिपीत उभ्या रेघांनी पाडलेल्या सोळा भागांच्या) एका साध्या रचनेवर हा प्रयोग केला, तेव्हा तोपर्यंत मनाशी बाळगलेली "मला एफ शार्प जमत नाही" ही समजूत पहिल्याच दिवशी खोटी ठरली. कागदावर नऊ खुणा होत्या, त्यांतील सात सी शार्पच्या होत्या, आणि त्या सातांतल्या सहा डाव्या हाताच्या होत्या. मी अनेक आठवडे उजव्या हाताने एफ शार्प घोटत बसलो होतो, म्हणजे दुखत होते गुडघा आणि लेप लावत होतो कपाळाला.

खुणा झाल्यावर आणखी एक चाचणी करावी. पियानोला हात न लावता तीच रचना संथ ठेक्यात मोठ्याने वाचावी: "डी, ई, एफ शार्प, ए, जी, एफ शार्प, ई, सी शार्प". वाचतानाच "शार्प" हा शब्द तोंडातून सुटत असेल, तर दोष वाचनाचा आहे. वाचन स्वच्छ असूनही वाजवताना चूक होत असेल, तर दोष हाताचा आहे. आणि वाचनही बरोबर, प्रत्येक हात स्वतंत्रपणे बरोबर, पण दोन्ही हात एकत्र आले की गडबड, असे असेल तर बहुधा दोष दोन्हींपैकी कशाचाच नसून वेगाचा आहे. तेथे वेग निम्मा करण्यापलीकडे कोणतीही युक्ती नाही आणि त्यावर अधिक लिहिण्यासारखेही काही नाही.

वाचनातील दोष

की-सिग्नेचरमधील चिन्ह एका विशिष्ट रेघेवर छापलेले असते, आणि घोटाळ्याची सुरुवात तेथेच होते. ट्रेबल क्लेफमध्ये, म्हणजे सहसा उजव्या हाताच्या वरच्या ओळीत, एफ शार्पचे चिन्ह सर्वांत वरच्या रेघेवर असते. नवशिक्याचा डोळा ते चिन्ह त्या रेघेशी जोडतो, त्यामुळे वरचा एफ बरोबर वाजतो आणि सर्वांत खालच्या रेघेच्या वर, पहिल्या जागेत बसलेला खालचा एफ साधा वाजतो. नियम असा आहे की की-सिग्नेचर त्या नावाच्या प्रत्येक स्वराला, कोणत्याही सप्तकात, लागू असते. ८८ पट्ट्यांच्या पियानोवर एफ शार्प सात आहेत. एका चिन्हाने ते सातही बांधले जातात. आपल्या खुणा जर एकाच उंचीच्या स्वरावर गोळा झालेल्या दिसल्या, तर हेच कारण समजावे. उपाय सोपा आहे: रचना सुरू करण्यापूर्वी ते सातही एफ शार्प खालून वरपर्यंत एकेक करून वाजवावेत आणि मग स्वरलिपीत खालच्या एफवर बोट ठेवून त्याचे पूर्ण नाव उच्चारावे.

डाव्या हाताचा प्रश्न याच्याच पोटातला आहे. बास क्लेफमध्ये, म्हणजे सहसा डाव्या हाताच्या खालच्या ओळीत, शार्पची तीच नक्षी असते, पण ती खाली सरकलेली असते. एफ शार्प चौथ्या रेघेवर आणि सी शार्प दुसऱ्या जागेत. ज्यांनी की-सिग्नेचर केवळ ट्रेबलमधील चित्र म्हणून पाठ केली आहे, त्यांना खालचे चित्र वेगळे वाचावे लागते, आणि तेवढा वेळ मिळत नसल्यामुळे ते वाचलेच जात नाही. माझा सी शार्प याच कारणाने हरवत होता. त्यावर मला लागू पडलेला उपाय असा, की आठवडाभर सराव नेहमी डाव्या हाताने सुरू करायचा आणि बास क्लेफ आधी वाचायचा.

याच्या उलट नियम मध्येच येणाऱ्या चिन्हांचा, म्हणजे ॲक्सिडेंटलचा आहे, आणि दोन नियम परस्परविरुद्ध असल्यामुळेच गोंधळ माजतो. रचनेच्या ओघात एखाद्या स्वरापुढे शार्प, फ्लॅट किंवा नॅचरल (स्वर पुन्हा साधा करणारे चिन्ह) आले, तर त्याचा अंमल फक्त त्याच रेघेवर किंवा त्याच जागेत आणि फक्त त्या बारच्या शेवटापर्यंत असतो. की-सिग्नेचर सर्व सप्तकांत चालते, ॲक्सिडेंटल एकाच सप्तकात. की-सिग्नेचर बदलेपर्यंत टिकते, ॲक्सिडेंटल बार-लाइनला संपते. एका बारमध्ये जी शार्प दोनदा आला तर चिन्ह पहिल्याच जीपुढे असते, दुसऱ्यापुढे नसते. विद्यार्थी दुसरा जी साधा वाजवतात. उलट पुढच्या बारमध्ये जी पुन्हा साधा झालेला असतो, आणि विद्यार्थी तो शार्प वाजवतात. सौजन्य म्हणून अनेक प्रकाशक पुढच्या बारमध्ये कंसात नॅचरल छापतात. तेथे स्वर आपोआपच साधा झालेला असतो, चिन्ह केवळ आठवण करून देते. या नियमाला एकच पळवाट आहे. शार्प केलेला स्वर बार-लाइन ओलांडून टायने (दोन स्वर सलग एक करणाऱ्या कमानीने) पुढच्या बारमधील त्याच स्वराला जोडलेला असेल, तर तो जोडलेला स्वर संपेपर्यंत शार्पच राहतो, पण त्याच बारमध्ये तो स्वर नव्याने आला तर मात्र साधा होतो.

ही चिन्हे एकमेकांसारखी दिसतात ही तक्रारही रास्त आहे, आणि तिला कारण आहे. मध्ययुगीन लेखनात बी या स्वराची दोन रूपे होती. गोल पोटाचा बी म्हणजे उतरलेला आणि चौकोनी बी म्हणजे न उतरलेला. गोल बीपासून फ्लॅटचे चिन्ह घडले आणि चौकोनी बीपासून नॅचरल व शार्प ही दोन्ही चिन्हे निघाली. जर्मन भाषेत आजही बी फ्लॅटला बी आणि साध्या बीला एच म्हणतात, ते याच जुन्या भेदाचे अवशेष आहे. नॅचरल आणि शार्प यांत गल्लत करणाऱ्या डोळ्याला म्हणूनच फार दोष देऊ नये. दोन्ही एकाच बीची नातवंडे आहेत.

कानाचा दोष, आणि कोमल-तीव्र यांची भेसळ

ज्यांनी आधी पेटी वाजवली आहे किंवा गाणे शिकले आहे, त्यांच्यात एक वेगळीच अडचण मला दिसते. ते फ्लॅटचे भाषांतर "कोमल" आणि शार्पचे "तीव्र" असे करतात. शब्दशः ते ठीक वाटते, पण त्यामुळे की-सिग्नेचरचा सारा अर्थच उलटा होतो. कोमल आणि तीव्र ही विशेषणे षड्जाच्या संदर्भात ठरतात. शार्प आणि फ्लॅट मात्र अक्षरांना, म्हणजे ए ते जी या सात नावांना, चिकटतात. त्यांना सा कोठे आहे याच्याशी काही देणेघेणे नसते. डी मेजरमध्ये डी हा सा मानला, तर एफ शार्प हा शुद्ध गंधार होतो आणि सी शार्प हा शुद्ध निषाद. ई फ्लॅट मेजरमध्ये तीन फ्लॅट असूनही एकही स्वर कोमल नसतो. कोणताही मेजर घ्या, त्याच्या की-सिग्नेचरमध्ये एक चिन्ह असो वा सात, ऐकायला तो बिलावल थाटच असतो, सातही स्वर शुद्ध.

हे एकदा उमगले की शार्प अपवाद राहत नाही. डी मेजरमध्ये साधा एफ वाजवणे म्हणजे शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार लावणे होय. कानाला ती चूक तत्काळ खटकायला हवी. आणि येथेच पेटीवाल्यांचे दुर्बळ स्थान त्यांचे बळ ठरू शकते. रचनेची उजव्या हाताची सुरावट सरगमात गाऊन पाहावी: डी, ई, एफ शार्प, ए म्हणजे सा, रे, ग, प. गाताना गंधार चुकत नाही, कारण तो गळ्यात आहे. आता तोच गंधार बोटाने शोधायचा आहे. ज्या विद्यार्थ्यांना "एफ शार्प विसरू नका" हे शंभरदा सांगून उपयोग झाला नव्हता, त्यांना "येथे शुद्ध ग आहे" एवढे सांगणे पुरल्याचे मी पाहिले आहे.

जाता जाता, आपल्याकडे पट्टी हा शब्द पेटीच्या एका सुरालाही वापरतात आणि "काळी दोनची पट्टी" म्हणताना संपूर्ण आधारस्वरालाही वापरतात. इंग्रजीतील की या शब्दाची गतही नेमकी तीच आहे. त्यामुळे "या रचनेची की कोणती?" असे विचारल्यावर एखादा विद्यार्थी बोटाखालची पट्टी दाखवतो, तेव्हा त्याला हसण्यापूर्वी भाषेचा गुन्हा मान्य करावा.

मायनरमधील एक नेहमीचा प्रश्न याच वाटेने सुटतो. ए मायनरच्या की-सिग्नेचरमध्ये एकही चिन्ह नसते, तरी रचनेत जागोजागी जी शार्प येत राहतो, आणि विद्यार्थी विचारतात की तो सतत येणारच असेल तर सुरुवातीलाच का लिहीत नाहीत. ए मायनरची की-सिग्नेचर त्याच्या मूळ रूपाची, म्हणजे आसावरी थाटासारख्या स्वरांची असते. त्यात निषाद कोमल आहे. पण कोमल निषाद षड्जाकडे तितक्या ओढीने जात नाही, म्हणून संगीतकार ऐन वळणावर तो अर्ध्या स्वराने चढवून शुद्ध करतात. हार्मोनिक मायनरमध्ये केवळ हा सातवा स्वर चढतो. मेलोडिक मायनरमध्ये वर जाताना सहावाही चढतो आणि पारंपरिक पद्धतीनुसार खाली येताना दोन्ही पूर्ववत होतात. म्हणजे चूक की-सिग्नेचरची नाही आणि जी शार्प हा पाहुणाही नाही. तो घरचाच आहे, फक्त दर वेळी दार वाजवून आत येतो.

हाताचा दोष

माझ्या अनुभवात सर्वाधिक चुका येथे असतात आणि सर्वांत कमी चर्चाही याचीच होते. सी मेजरमध्ये वाढलेला हात पांढऱ्या पट्ट्यांच्या अगदी कडेला बसतो. पांढऱ्या पट्टीचा काळ्या पट्ट्यांपुढे मोकळा असलेला भाग सुमारे पाच सेंटीमीटरच असतो, आणि काळी पट्टी पांढऱ्या पृष्ठभागापासून साधारण एक सेंटीमीटर वर उचललेली असते. कडेला बसलेल्या हाताला एफ शार्प वाजवायचा झाला की संपूर्ण हात पुढे लोटावा लागतो, स्वर वाजवून परत मागे यावे लागते. ही ये-जा वेळेत होत नाही, म्हणून बोट जवळची पांढरी पट्टी दाबते आणि आपण म्हणतो, विसरलो. प्रत्यक्षात तेथे विसरणे घडलेलेच नसते. चूक होण्याच्या क्षणी आपला हात वरून चित्रित करावा. मनगट मागेपुढे डुलताना दिसले तर दोष सापडला असे समजावे.

उपाय म्हणजे हात पहिल्यापासूनच झाकणाच्या दिशेने आत ठेवणे, इतका की लांब बोटे काळ्या पट्ट्यांच्या टोकांवर सहज टेकतील, आणि गरज पडेल तेव्हा पांढऱ्या पट्ट्याही काळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या भागात वाजवणे. पहिले दोन-तीन दिवस हे अवघडल्यासारखे वाटते, कारण त्या चिंचोळ्या भागात पट्टी थोडी जड लागते. पण हाताची रचनाच अशी आहे की मधली तीन बोटे लांब आणि अंगठा व करंगळी आखूड. लांब बोटे उंच काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड बोटे पांढऱ्यांवर ठेवली की हात विनासायास विसावतो. पियानोवादक आणि संगीतकार फ्रेडरिक शोपँ (१८१०–१८४९) आपल्या विद्यार्थ्यांना याच कारणासाठी ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प, बी या पट्ट्यांवर हात ठेवायला लावत असे, बी मेजर आधी शिकवत असे आणि सी मेजर सर्वांत कठीण मानून शेवटी ठेवत असे. आपण नेमके उलटे करतो. वाचायला सी मेजर सोपा आहे हे खरे, पण हाताला त्यात एकही खूण सापडत नाही. सगळी जमीन सपाट.

काळ्या पट्ट्या या अडथळा नसून खुणा आहेत, हे हाताला कळण्यासाठी एक सराव मी सुचवतो. डोळे मिटून दोन काळ्यांचा आणि तीन काळ्यांचा गट स्पर्शाने शोधावा. तीनच्या गटातील पहिली, डावीकडची पट्टी म्हणजे एफ शार्प, आणि दोनच्या गटातील पहिली म्हणजे सी शार्प. डी मेजरचा नकाशा एवढाच: प्रत्येक गटातील डावीकडची काळी. ए मेजरला तीनच्या गटातील मधली, म्हणजे जी शार्प, त्यात मिळते. असा नकाशा एकदा तळहातात उतरला की "एफ आणि सी शार्प" हे शब्द मनात उच्चारण्याची गरज उरत नाही.

यानंतरचा सराव मात्र मला सर्वांत मोलाचा वाटतो. रचना तिच्या ठेक्यात, पण फक्त शार्प किंवा फ्लॅट झालेले स्वर वाजवत, बाकीच्या स्वरांच्या वेळी हात हवेत ठेवून, आरंभापासून शेवटपर्यंत न्यावी. डी मेजरमधील दोन बार घेऊ, प्रत्येकी चार मात्रांचे: पहिल्यात डी, ई, एफ शार्प, ए, दुसऱ्यात जी, एफ शार्प, ई, सी शार्प. तोंडाने एक, दोन, तीन, चार मोजावे. पहिल्या बारमध्ये फक्त तिसऱ्या मात्रेला आवाज निघेल. दुसऱ्या बारमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला. बाकी शांतता. ऐकायला हे विचित्र वाटते आणि शेजारी ऐकणाऱ्याला तर आपले काहीतरी बिघडले आहे असेच वाटेल. पण या शांततेत डोळ्याला पुढे पाहावे लागते, पुढचा शार्प येण्याआधीच हात त्याच्यावर जाऊन थांबतो, आणि ज्याला आपण अपवाद म्हणत होतो तोच रचनेचा कणा होऊन बसतो. असे चार-पाच वेळा केल्यावर सर्व स्वर भरून वाजवावे. माझ्या डाव्या हाताचे सी शार्प असे चार दिवसांत जागेवर आले.

बोटांचा क्रम म्हणजे फिंगरिंग हे या सरावाचे दुसरे टोक आहे, आणि ते मनाला येईल तसे बदलत राहिल्यास वरचे सगळे श्रम वाया जातात. उजव्या हाताच्या नेहमीच्या फिंगरिंगमध्ये दोन सुंदर सूत्रे दडलेली आहेत. जी, डी, ए, ई आणि बी या मेजर स्केलमध्ये चौथे बोट (अंगठा पहिले धरून) नेहमी शेवटच्या शार्पवर, म्हणजे की-सिग्नेचरमध्ये सर्वांत उजवीकडे छापलेल्या शार्पवर पडते: जीमध्ये एफ शार्पवर, डीमध्ये सी शार्पवर, एमध्ये जी शार्पवर. फ्लॅटच्या मेजर स्केलमध्ये, एफपासून जी फ्लॅटपर्यंत, उजव्या हाताचे चौथे बोट बी फ्लॅटवरच असते. म्हणजे स्केल योग्य बोटांनी वाजवले तर चौथे बोट स्वतःच की-सिग्नेचरची आठवण ठेवते. एफ मेजरमध्ये ज्यांचा बी फ्लॅट सुटतो, त्यांनी आपण सी मेजरच्या सवयीने तिसऱ्या बोटानंतर अंगठा खालून नेत आहोत का, ते पाहावे. तसे केल्यास बी फ्लॅटवर नेमका अंगठाच येतो, तो काळ्या पट्टीवर चढायला नाखूश असतो, आणि शेजारच्या पांढऱ्या बीवर उतरतो.

क्रम पाठ असण्याचा उपयोग किती

शार्पचा क्रम एफ, सी, जी, डी, ए, ई, बी आणि फ्लॅटचा नेमका उलटा बी, ई, ए, डी, जी, सी, एफ. शेवटच्या शार्पच्या अर्धा स्वर वर मेजरचे नाव. शेवटून दुसरा फ्लॅट हेच मेजरचे नाव, आणि एकच फ्लॅट असेल तर एफ मेजर. तीच की-सिग्नेचर असणारा मायनर हवा असेल तर मेजरच्या सापासून तीन अर्धे स्वर खाली उतरावे. हे सर्व दहा मिनिटांत पाठ होते आणि रचना ओळखण्यास उपयोगी पडते; वाजवताना त्याचा काडीइतका उपयोग होत नाही, एवढेच ध्यानात ठेवावे. मात्र नवा शार्प नेहमी नव्या स्केलचा सातवा स्वर, म्हणजे शुद्ध निषाद असतो, आणि नवा फ्लॅट नेहमी चौथा, म्हणजे शुद्ध मध्यम असतो, हे जाणून घेण्यासारखे आहे, कारण ते कानाला तपासता येते.

काही खोटे उपाय आणि काही किरकोळ कारणे

पट्ट्यांवर नावांचे रंगीत कागद चिकटवणे हा उपाय मला अपायकारक वाटतो. त्याने डोळा कागदावरून उठून पट्ट्यांवर खिळतो, आणि स्वरलिपीतील पुढचे चिन्ह पाहायला कोणी उरतच नाही. प्रत्येक एफपुढे पेन्सिलीने शार्प लिहिण्याबाबत माझे मत थोडे सौम्य आहे. सगळीकडे लिहिल्यास आजची रचना सुधारते आणि वाचन आहे तेथेच राहते. परंतु ध्वनिमुद्रणात दोनदा चुकलेला नेमका स्वर वर्तुळाने दाखवण्यास हरकत नाही, आणि तो आठवडाभर बरोबर वाजला की ते वर्तुळ पुसून टाकण्यासही हरकत नसावी.

शार्प म्हणजे काळी पट्टी, ही पहिल्या दिवशी दिली जाणारी व्याख्या पुढे त्रास देते. शार्प म्हणजे लगतची उजवीकडची पट्टी, मग ती कोणत्याही रंगाची असो. ई आणि एफ यांच्यामध्ये, तसेच बी आणि सी यांच्यामध्ये काळी पट्टी नाही. त्यामुळे ई शार्पची पट्टी एफचीच आणि सी फ्लॅटची पट्टी बीचीच असते. एफ शार्प मेजरमध्ये ई शार्प लिहितात, एफ लिहीत नाहीत, कारण प्रत्येक अक्षर स्केलमध्ये एकदाच यायला हवे. एफ लिहिला असता तर एकाच रेघेवर साधा एफ आणि एफ शार्प यांची चिन्हांसह सतत अदलाबदल करावी लागली असती आणि वाचणाऱ्याचे हाल झाले असते.

काही वेळा चूक आपली नसतेच. डिजिटल पियानोवर ट्रान्सपोजची सोय चुकून चालू राहिलेली असेल, तर बोट योग्य पट्टीवर असूनही स्वर वेगळा उमटतो. ज्यांचा कान तयार आहे ते मग गोंधळून शेजारच्या पट्ट्या शोधू लागतात. एकदा तासभर सरावानंतर मला हे कळले होते, आणि तेव्हापासून मी पहिला ए ट्यूनरवर तपासूनच बसतो.

आदल्या रचनेचा शार्प नव्या रचनेत घुसणे हेही फार सामान्य आहे, विशेषतः दोन रचनांच्या की-सिग्नेचरमध्ये एकाच चिन्हाचा फरक असेल तेव्हा. सरावात त्या दोन रचना लागोपाठ ठेवू नयेत. मध्ये नव्या रचनेचे स्केल दोन्ही हातांनी दोनदा वाजवावे, त्यातील काळ्या पट्ट्यांवर क्षणभर थांबत. रचनेच्या मध्यावरच की-सिग्नेचर बदलत असेल तर हीच अडचण अधिक तीव्र होते, कारण तेथे स्केल वाजवायला थांबता येत नाही. अशा ठिकाणी दुहेरी बार-लाइननंतर नवी चिन्हे येतात, आणि जुने शार्प रद्द करणारे नॅचरल काही आवृत्त्यांत छापलेले असतात, काहींत नसतात. मी बदलाच्या आधीचे दोन बार आणि नंतरचे दोन बार एवढाच तुकडा वेगळा काढतो, आणि त्यातील केवळ बदललेले स्वर वर सांगितल्याप्रमाणे शांततेत वाजवतो. बदल ओळीच्या शेवटी असेल तर नवी की-सिग्नेचर त्या ओळीच्या टोकालाच आगाऊ छापलेली असते. तेथे नजर पोहोचली पाहिजे, म्हणून मी त्या टोकावर पेन्सिलीने एक बाण काढून ठेवतो, आणि तो बाण अजून कोणत्याही रचनेत मला पुसता आलेला नाही.